लेकराला कुणी विचारलं?

शेगावच्या दर्शनबारीत उभं राहिलं की माणसं बोलती होतात. बारी मुंगीच्या पावलांनी सरकते, सेवेकरी हात जोडून ‘माउली, पुढं चला’ म्हणत राहतात, आणि पुढच्या-मागच्या अनोळखी माणसाला आपण घरातलं सांगू लागतो. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाला लागोपाठ दोन हंगाम सोयाबीननं हात दिला नाही, कुणाच्या बोअरला पाणीच लागलं नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला मागण्याची आणि नवस बोलण्याची जुनी सवय आहे. शेगावला गजानन महाराज, देऊळगावराजाला बालाजी, पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा. वाटा वेगळ्या, धर्म वेगळे, हात जोडणाऱ्याची अगतिकता तेवढी सारखी.

या बारीत कधीमधी एखादी माय दिसते. कडेवर न मावणारं मोठं लेकरू तिनं कडेवर घेतलेलं असतं. ऐन वैशाखात त्याच्या डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातावर सुईच्या जागेची चिकटपट्टी. तिला कुणी काही विचारत नाही, तीच सांगते. बरं झालं तर पायी येईन. बरं झालं तर पंगत घालीन, रोडगे अन् वांग्याची भाजी. बरं झालं तर याच्या भारोभार गूळ वाटीन. ऐकणाऱ्या बाया डोळ्यांना पदर लावतात, महाराजांचं नाव घेतात, बारी पुढं सरकते. लेकरू तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून सगळं ऐकत असतं.

त्याच्या नावानं एवढं बोललं जातं, एवढं कबूल केलं जातं. डॉक्टरांना विचारून झालेलं असतं, पाहुण्यारावळ्यांना विचारून झालेलं असतं, देवालाही कौल लावून झालेला असतो. ज्याचा आजार, त्याला मात्र ‘तुला काय पाहिजे रे बाळा’ एवढं कुणी विचारलेलं नसतं. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पुरवण्याचं सगळं मोल मला या एका प्रश्नात दिसतं. वस्तू, सहल, भेटीगाठी हे सगळं त्याच्यानंतरचं.

माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, चिखलीपासून सिंदखेडराजापर्यंतच्या पट्ट्यात. निरोगी मूल दिवसभरात कितीदा काय काय मागतं आणि बहुतेक वेळा आपण नाही म्हणतो. त्यानं फारसं बिघडत नाही, कारण मागून मिळालं नाही ते मूल आपल्या हिकमतीनं मिळवतं. दगड मारून कैऱ्या पाडतं, दुपारी डोळा चुकवून विहिरीवर जातं, अभ्यासाच्या वेळी पोट दुखवून घेतं. मोठा आजार पहिल्यांदा ही हिकमत काढून घेतो. कधी उठायचं, कुठल्या खाटेवर निजायचं, काय खायचं नाही, कोणता हात सुईसाठी पुढं करायचा, हे सगळं दुसरे ठरवतात. त्याच्या भल्यासाठीच ठरवतात. पण सहा वर्षांच्या माणसाला वर्ष-वर्ष स्वतःचं काहीच ठरवता येऊ नये, हेही एक दुखणंच आहे आणि त्याची नोंद कुठल्या फाईलमध्ये होत नाही.

फाईल हा शब्द या घरांत फार लवकर येतो. आमच्या जिल्ह्याचे मुळातच दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखालच्या माणसाला निदान रेल्वे आहे. शेगावला नाहीतर मलकापूरला रात्री विदर्भ एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबई. घाटावर चिखली, मेहकर, लोणार या बाजूला रूळच नाहीत. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. तिथला बाप लेकराला घेऊन एसटीनं आधी अकोल्याला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला जातो आणि दुखणं मोठं निघालं की मग परळचं टाटा. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाचं नाव आमच्या खेड्यापाड्यांत नुसतं ‘टाटा’ असं, आवाज खाली आणून घेतलं जातं. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सूट मिळते. हे लोकांना माहीत होतं ते बहुधा गाडीत, दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाकडून.

मुंबईत उतरल्यावर राहायचं कुठं, याचं उत्तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आहे. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या, हातात खराटा घेऊन गावं झाडत हिंडलेल्या बाबांच्या नावाची ही जागा. त्यांनी देवळांपेक्षा धर्मशाळांवर जास्त जीव लावला, त्याचा अर्थ तिथं गेल्याशिवाय कळत नाही. तिथं बिहारची, बंगालची, आसामची कुटुंबं एकमेकांशेजारी पथाऱ्या टाकून राहतात, आणि पाच-सहा वर्षांची पोरं ‘काउंट’, ‘किमो’, ‘बोन मॅरो’ हे शब्द गोट्यांच्या डावातल्या शब्दांसारखे वापरतात.

माझ्या मामेबहिणीचा नातू त्यांतलाच एक. संग्रामपूर तालुक्यातलं हे लेकरू, सहा वर्षांचं असताना त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. लहान मुलांतल्या या आजाराच्या नेहमीच्या प्रकारावर दोन ते तीन वर्षं उपचार चालतात आणि ते मध्येच न सोडता पूर्ण केले तर पुष्कळ मुलं बरी होतात. आम्हाला हे पुढं कळलं. सुरुवातीला नुसता ‘कॅन्सर’ हा शब्द कळला होता आणि त्यानं घरातली चूल थंड झाली होती.

मी काही दिवस त्यांच्यासोबत मुंबईला होते. पोरगा गप्प. सुईला रडायचा नाही, जेवायचा नाही, बोलायचाही नाही. एकदा ओपीडीत एका तरुण डॉक्टरबाईंनी फाईल बाजूला ठेवली आणि त्यालाच विचारलं, ‘‘तुला काय पाहिजे, सांग.’’ त्यानं आईकडं पाहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘आईला नाही विचारत, तुला विचारते.’’ बऱ्याच वेळानं तो म्हणाला, ‘‘मले टेसनावरची कचोरी पायजे. शेगावची.’’

आईच्या चेहऱ्यावर भीतीच उमटली. पांढऱ्या पेशी कमी असताना बाहेरचं खाणं बंद, हे तिला घोकून पाठ झालेलं. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, ‘‘मिरची लावून?’’ पोरगा म्हणाला, ‘‘हाव.’’ ‘‘काउंट वर येऊ दे. मग गरम, कढईतून काढलेली. मी लक्षात ठेवते.’’

त्या दिवसापासून रक्ताचा रिपोर्ट आला की तो स्वतः विचारायचा, ‘‘काउंट किती आले?’’ तोवर तो आकडा मोठ्यांचा होता, आता त्याचा झाला. सुट्टीत घरी आल्यावर आईनं मुगाच्या डाळीचं सारण करून कचोरी तळली. त्यानं चावा घेतला आणि निकाल दिला, ‘‘हे तं घरची हाय.’’ पुढं औषधं सौम्य झाली, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि एका संध्याकाळी शेगावच्या फलाटावर बापानं त्याच्या हातात कागदातली कचोरी दिली, वर तळलेली हिरवी मिरची. अर्धी त्यानं खाल्ली, अर्धी बहिणीला दिली, मिरचीनं ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्या आजारपणात मी त्याला रडताना पाहिलं ते तेवढंच.

आता तो सायकल दामटत शाळेत जातो. तो बरा झाला तो औषधांनी, हे सांगायला हवं. पण त्या लांबलचक महिन्यांत त्याच्या पुढ्यात सुईखेरीज आणखी काहीतरी येणार होतं, ते कचोरीमुळं. मोठ्यांना आशा म्हणजे बरं होणं वाटतं. मुलाची आशा एवढी लांबची नसते. तिला एक जागा लागते, एक वास लागतो आणि ‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर लागतं.

त्या डॉक्टरबाईंनी सहज जे केलं, त्याची जगात एक रीत झाली आहे. १९८० साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात क्रिस ग्रेशियस नावाचा सात वर्षांचा मुलगा ल्युकेमियानं आजारी होता. त्याला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या पोलिसांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला, त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवून आणलं, शपथ दिली, बिल्ला दिला. थोड्याच दिवसांत, मे महिन्यात, तो गेला. ज्यांनी हे केलं त्यांना आणि त्याच्या आईला ते तिथंच थांबवता आलं नाही, आणि त्यातून मेक-अ-विश ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे ती १९९६ साली मुंबईत आली ती उदय आणि गीता जोशी यांच्यामुळं. आपल्या आजारी मुलाची इच्छा पुरी होताना आई-बाप म्हणून काय वाटतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. तीन ते अठरा वर्षांच्या गंभीर आजारी मुलांकडे संस्थेचे स्वयंसेवक जातात आणि विचारतात: काय हवंय, कुठं जायचंय, कुणाला भेटायचंय, काय व्हायचंय? २०१८ साली मुंबईत मुलुंड पोलीस ठाण्यात एक सात वर्षांचा कर्करोगग्रस्त मुलगा एक दिवसाचा इन्स्पेक्टर झाला होता. ॲरिझोना काय किंवा मुलुंड काय, दोघांनाही खाकीच हवी होती. जे लेकरू सतत आडवं पडून असतं, त्याला उभ्या माणसाचा पोशाख हवासा वाटत असावा.

आमच्या घाटावर हा पोशाख नऊवारीचा असतो. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मगाव. १२ जानेवारीला लखुजी जाधवांच्या वाड्यासमोर माणसांचा पूर लोटतो आणि आसपासच्या शाळा-शाळांत मुली जिजाऊ होतात. चौथीतल्या एका मुलीला त्या वर्षी जिजाऊ व्हायचं होतं. पोटातल्या गाठीवर तिचे उपचार चालू होते आणि नेमकी १२ जानेवारी दवाखान्यात गेली. महिनाअखेरीस ती गावी आली तेव्हा शाळेतला कार्यक्रम होऊन गेलेला. मी मुख्याध्यापकांकडे विषय काढला. ते म्हणाले, ‘‘शिवजयंती तारखेनं होते, तिथीनं होते. मग जिजाऊंची आणखी एकदा झाली तर कुणाच्या बापाचं काय जातं?’’

आईनं कुठून तरी गंगावन आणलं होतं. पोरीनं ते परत केलं. ‘‘डोक्यावर पदर हाय ना बाई, मंग केस कोन पाह्यते?’’ फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून ऑफिसातली हाताची खुर्ची मैदानात ठेवली. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, हातात लाकडी तलवार. तिला भाषण पाठ करायला जमलं नव्हतं. पोरं गोंगाट करत उभी होती. तिनं तलवार उचलली आणि एकच शब्द उच्चारला, ‘‘बसा!’’ सगळी शाळा खाली बसली. मुख्याध्यापक बसले, मी बसले, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशीही बसल्या. वर्षभर जिला सगळे ‘झोप’, ‘उठ’, ‘हात दे’, ‘तोंड उघड’ म्हणत होते, तिच्या एका शब्दावर त्या दिवशी दीडशे माणसं जमिनीवर बसली होती. ती हसली तसं हसणं मी शाळेत फार कमी वेळा पाहिलं आहे.

त्या वर्षीचा पोळा तिनं पाहिला नाही. इच्छा पुरवल्यानं माणूस वाचतो असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्या घरात भिंतीवर जो फोटो लागला तो नऊवारीतला. दवाखान्यातलेही फोटो होते, मोबाइलमध्ये. आई-बापांना उरलेलं आयुष्य कुठल्या चेहऱ्याबरोबर काढायचं आहे, हे असं ठरतं.

यावर जे आक्षेप येतात ते मला ठाऊक आहेत, कारण ते माझ्याही मनात येऊन गेले आहेत. औषधाला पैसे नाहीत तिथं हे लाड कसले? प्रश्न खोटा नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा मोठा भार उतरतो, पण बुडालेली मजुरी, गाडीभाडं, घरी मागं राहिलेल्या भावंडांचं खाणंपिणं, हे कुठल्याच योजनेत पुरतं बसत नाही. म्हणून औषधाच्या पिशवीतून इच्छेसाठी रुपया काढू नये, हे पहिलं. पण दोन्हींत भांडणच आहे असंही नाही. २०१८ साली अमेरिकेत कोलंबसच्या नेशनवाइड चिल्ड्रन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी इच्छा पूर्ण झालेली ४९६ मुलं आणि तशीच आजारी पण इच्छा पूर्ण न झालेली ४९६ मुलं यांची तुलना प्रसिद्ध केली. इच्छा पूर्ण झालेल्या मुलांना तातडीनं दवाखाना गाठण्याची आणि अचानक भरती होण्याची वेळ कमी आली होती. एवढ्यावरून इच्छेला औषध म्हणू नये. पण तिला चैन म्हणून झटकूनही टाकू नये.

दुसरा आक्षेप दिखाव्याचा, आणि तो मी पूर्ण मान्य करते. इच्छा लेकराची आणि बॅनरवर फोटो पुढाऱ्याचा, असं होऊ शकतं. सायकल द्यायला पंधरा माणसं येतात आणि पोराला त्या गर्दीत उभं राहून हसायला सांगतात. मास्क जरा खाली घे म्हणतात, फोटोत चेहरा दिसावा म्हणून. असं देण्यापेक्षा न दिलेलं बरं.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही. इच्छा विचारायची म्हणजे शेवटची इच्छा विचारायची, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. आई-बाप म्हणूनच घाबरतात: विचारलं तर पोराला कळेल. पण पोराला आपल्या चेहऱ्यावरून आधीच बरंच कळलेलं असतं. शिवाय गंभीर आजारी म्हणजे जाणारच, हा हिशेबही आता खरा राहिलेला नाही. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात. २०३० पर्यंत जगभर हे प्रमाण निदान साठ टक्क्यांवर न्यावं, असं लक्ष्य जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ठेवलं आहे. इच्छा विचारायची ती या लांबच्या चालीसाठी. म्हणून ती लवकर विचारावी, सुरुवातीलाच.

विचारलं की मुलं काय मागतात? आपल्याला वाटतं तेवढं मोठं मागत नाहीत. एकीला लोणारचं तळं बघायचं होतं, २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झाल्याचं तिनं ऐकलं होतं. आता ते गुलाबी नाही हे सांगूनही तिला जायचंच होतं. एकाला टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आलेल्या वाघाची वाट बघायची होती. घाटावरच्या एका पोराला जलंब-खामगावची ती जेमतेम तेरा किलोमीटर धावणारी गाडी हवी होती, मुंबईची नको, कारण मुंबईची गाडी त्याला दवाखान्यात घेऊन जात होती. अशा इच्छांना पैसे थोडे लागतात. लागतो तो कुणातरी मोठ्या माणसाचा सबंध दिवस.

काही इच्छा मात्र एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या खारपाण पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण गावोगाव आहेत. तिथल्या लेकरानं घरच्या नळाला गोडं पाणी मागितलं, तर त्यासाठी दाता शोधायचा नसतो. ते दान नाही, सरकारकडे थकलेलं देणं आहे, आणि ते मागायला मोठ्यांनीच उभं राहायला हवं.

विचारण्याचीही एक पद्धत असते. आई-बापांसमोर विचारलं तर मूल त्यांच्या तोंडाकडं बघून बोलतं आणि गरिबाघरचं मूल तर हमखास स्वस्तातलं मागतं. म्हणून जरा वेळ काढून, त्याच्या खाटेच्या उंचीला बसून विचारावं. पहिलं उत्तर आपल्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं. आणि भावंडांनाही विचारावं. आजारी पोराच्या घरातलं निरोगी पोर हे त्या काळात जवळपास अदृश्य झालेलं असतं.

गावात, नात्यात, शेजारी कुणाचं लेकरू मोठ्या आजारानं पडलं की आपण बिस्किटांचा पुडा आणि शहाळं घेऊन भेटायला जातो, आई-बापांशी हळू आवाजात बोलतो, ‘महाराज आहेत’ म्हणून उठतो. पुढच्या वेळी उठण्याआधी थोडं थांबा, त्या लेकराकडं वळा आणि त्याला काय पाहिजे ते विचारा. तुमच्यानं होण्यासारखं असेल तरच हो म्हणा. हो म्हणालात तर दिवस ठरवा, आणि तो दिवस चुकवू नका. आजारी लेकराला दिलेली तारीख पुढं ढकलायची नसते.